बर्फातनं थेट तेलात

आमच्या मुलुंडच्या घरमालकांना तळलेलं काही खाताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तेही मी एकटीनेच पाहिलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. त्या एका घासाने माझी नोकरी वाचली. म्हणून हल्ली सून मॉलमधून गोठवलेल्या टिक्क्यांचं पाकीट आणते आणि त्यावरची सूचना मला वाचून दाखवते, "आई, हे आधी वितळवायचं नाही म्हणे, डायरेक्ट तळायचं," तेव्हा मला हसू आवरत नाही. अगं बाई, हे मला ऐंशीच्या सालात एका माकडटोपी घातलेल्या माणसाने शिकवलंय!

माकडटोपी खरोखरची. आणि मे महिन्यात. आमचे हे घरमालक, सगळ्यांचे काका, बंदरावरच्या एका मासळीच्या शीतगृहात तीस वर्षं नोकरीला होते. निवृत्त झाले, पण अंगातली थंडी काही निवृत्त झाली नाही. एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं तिथून त्यांनी आडवी, शवपेटीएवढी लांब पेटी आणली आणि तळमजल्यावर आपल्या बाहेरच्या खोलीत ठेवली. सोफा गॅलरीत गेला. काकू म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान स्वयंपाकाला हातभार लागला असता." त्या पेटीला फ्रिज म्हटलेलं काकांना खपायचं नाही. "फ्रिज पाण्याच्या बाटल्यांना. ही पेटी," असं म्हणायचे.

पेटी उघडायची म्हणजे सोहळा. आधी लोकरी स्वेटर, मग माकडटोपी, मग उजव्या हातात मोजा. बाहेर माणसं घामाने निथळतायत आणि हा गृहस्थ काश्मीरला निघालेला! झाकण उघडायचे, हवं ते पाकीट तीन सेकंदांत उचलायचे, आणि झाकण लावण्याआधी आत वाकून मोठ्याने विचारायचे, "आत कोणी आहे का?" उत्तर आलं नाही की झाकण खाली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, भाड्याने घर घेतलं ते वेड्याच्या घरात. मग काकूंनी सांगितलं. बंदरावर एकदा त्यांच्या हाताखालचा एक माणूस चुकून आत राहिला आणि दार बंद झालं. अर्ध्या तासाने सापडला, जगला, पण तेव्हापासून काका विचारल्याशिवाय कुठलंच दार लावत नाहीत. घराचं कपाट लावतानाही विचारायचे. मी मग हसायची थांबले.

रिकामी जागा त्यांना पेटीत सहन व्हायची नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत पाणी भरून ते डबे कोपऱ्याकोपऱ्यात गोठवून ठेवलेले. "रिकामी पेटी लवकर रडते," हे त्यांचं वाक्य; रडते म्हणजे पाझरते, वितळते. हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका चाळणीभर मटार सोलून, उकळत्या पाण्यातनं काढून त्यांच्या स्वाधीन करायच्या. प्रत्येकीच्या पुडीला वेगळ्या रंगाचा दोरा. आमचा जांभळा. एप्रिल-मे महिन्यात ज्या कुणाकडे पाहुणे येत तिच्या पोह्यांत हिरवेगार मटार दिसत, आणि पाहुणे विचारत, हे आत्ता कुठून? तेव्हा तिच्या तोंडावरचा रुबाब बघावा.

पण काकांची खरी विद्या तळणीची. ती शिकवायची मात्र कानाने. स्वतः ते तळलेलं खात नसत. पोटात अल्सर, डॉक्टरांनी तेल बंद केलेलं. वरण-भात, ताक, उकडलेला दुधी. आणि हा माणूस वाटेल त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून आत ओरडायचा, "वहिनी, तेल थंड पडलंय, थांबा जरा!" एकदा स्टेशनबाहेरच्या भजीवाल्याला रस्त्यातून जाता जाता म्हणाले, "अरे, तुझं तेल दमलंय रे." भजीवाला म्हणाला, "आणि तुम्ही काका? तुम्ही नाय दमलात?" काका त्यावर खूष झाले आणि पुढचा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

आता मुख्य गोष्ट. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. त्यात आम्ही दोघं, सासूबाई आणि धाकटी नणंद. सासरे गिरणीत होते, ते मी येण्याआधीच गेले. सासूबाई मालवणकडच्या. जीभ तिखट, हात गोड. मी मुलुंडमध्येच एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये टायपिस्ट म्हणून लागले होते आणि अजून पक्की झाले नव्हते. जूनमध्ये पत्र मिळायचं होतं. नेमका नणंदेचा साखरपुडा ठरला मे महिन्यातल्या एका रविवारी, आणि त्याच्या आधीचा अख्खा आठवडा आमच्याकडे ऑडिट. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "या आठवड्यात जो रजा घेईल त्याने पत्राची वाट बघू नये."

घरी सासूबाईंचं म्हणणं, साठ माणसं येणार, मुलाकडचे गिरगावातले, खाण्यापिण्याचे शौकीन. मटारचं पॅटिस करायचं तर सुनेने चार दिवस रजा काढायलाच हवी. मी म्हटलं, रजा काढली तर नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "मग जाऊंदे. घरातलां शुभकार्य मोठां की तुझां टकटक?" आमच्या ह्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "आईला दुखवू नकोस. पुढल्या वर्षी दुसरी बघू." पुढल्या वर्षी! जशा काही नोकऱ्या भाजीवाल्याकडे जुडीने मिळतात. मी जिन्यात जाऊन रडले. खरंच रडले, लाज कसली.

रडले ती तळमजल्याच्या पायरीवर. काका बाहेर आले, शेजारी बसले आणि विचारलं, "किती नग?" रडणाऱ्या बाईला कोणी असं विचारतं का? मी म्हटलं, एकशेवीस. म्हणाले, "मग रोज संध्याकाळी वीस कर. सहा दिवस. मी गोठवतो. रविवारी फक्त तळायचं." मग उठून, पदर धरून ओढल्यासारखं मला घेऊन ते सरळ वर सासूबाईंसमोर उभे राहिले.

सासूबाई ऐकून घेण्याआधीच भडकल्या. "म्हणजे आठवडाभराचां शिळां? पाहुण्यांका शिळां घालतलंस?"

आमच्या घरी शिळं म्हणजे महापाप. कालची पोळी कावळ्याला, सकाळची भाजी रात्री नाही. फ्रिजसुद्धा त्यांनी घरात घेऊ दिला नव्हता; काकांच्या पेटीत कच्चा मटार चालायचा, शिजवलेलं काही नाही. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, सुका बांगडा वर्षभर ठेवता. तो शिळा नाही?"

"तो उन्हात वाळवलेलो आसता."

"मग? ऊन पाण्याला पळवून लावतं, बर्फ पाण्याला जागच्या जागी बसवतो. पाण्याला फिरू दिलं की अन्न शिळं होतं. नाही दिलं तर नाही. आणि तुमच्या गिरगावच्या व्याह्यांना मे महिन्यात ताज्या मटारचं पॅटिस दुसरं कोण खिलवणार?"

हे शेवटचं बरोबर लागलं. पण हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बरां. पण तेलात एक जरी फुटलां, तर सोमवारपासून घराक बसायचां. सांगान ठेवतंय." काका माझ्या वतीने हो म्हणून मोकळे झाले. मला कोणी विचारलंच नाही.

सोमवारी संध्याकाळी पहिले वीस झाले. उकडलेला बटाटा, आत मटार-खोबऱ्याचं सारण, वरून पावाचा चुरा. काकांनी ते ताटात एकमेकांना न चिकटवता मांडले, पेटीत ठेवले, दगड झाल्यावर पिशवीत भरून जांभळा दोरा बांधला. मंगळवारी म्हणाले, दोन तळून दाखव.

मी शहाणी. दोन पॅटिस काढून तासभर ओट्यावर ठेवले. बर्फातलं काहीही आधी सुटू द्यायचं असतं, मासळीचं आपण तेच करतो ना? तेलात टाकले आणि वाट लागली. कवच उकललं, सारण तेलात पसरलं, कढईत मटार पोहायला लागले. काका गॅलरीतल्या खिडकीतूनच म्हणाले, "सुटलं ते फुटलं. बर्फातनं थेट तेलात. मध्ये थांबा नाही."

दुसऱ्या दिवशी थेट टाकले, पण घाईने आच मोठी. वरून काळे, आतून दाताला कळ लावणारा बर्फ. तेव्हा मात्र काका आत आले, स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि मला शिकवायला लागले. वरचा पांढरा भुगा कोरड्या फडक्याने पुसायचा, नाहीतर तेल उडतं. आच मध्यम. एका वेळी पाच, सहावा नाही, कारण सहाव्याने तेल गारठतं आणि गारठलेलं तेल आत शिरतं. पहिली दोन मिनिटं झारा लावायचा नाही. आणि ऐकायचं. "आधी पॅटिस भांडतं, मग बडबडतं. बडबड संपून कुजबुज सुरू झाली की काढ." काढून कागदावर आडवं टाकायचं नाही, चाळणीत उभं करायचं, म्हणजे वाफ खाली अडकत नाही आणि कवच मऊ पडत नाही. मी डोळे मिटून ऐकलं. देवाशपथ, कुजबुज ऐकू आली! तोडलं तेव्हा कुर्रकन आवाज झाला आणि आतून वाफ आली. मी काकांपुढे धरलं. त्यांनी मान हलवली. "माझं काम ऐकण्याचं. खाण्याचं नाही."

तळून बघितलेले भरून काढले आणि शनिवारपर्यंत एकशेवीस झाले. ऑडिटही पार पडलं. मी तरंगत घरी आले.

रविवारी सकाळी साडेसात वाजता नाक्यावर ढुम्म असा आवाज झाला आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. ट्रान्सफॉर्मर. दुरुस्तीवाले आले, वर बघून म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. साखरपुडा सहाला. ऊन असं की गच्चीवर चपलेशिवाय पाय ठेववत नव्हता. आणि खाली पेटीत माझे एकशेवीस.

मी जिना उतरून धावले. काका दारातच उभे होते. मी म्हटलं, "काका, उघडा, बघू तरी काय झालंय!"

"खबरदार."

"अहो पण..."

"बघून काय होणार? चांगलं असेल तर बघण्याने बिघडेल. बिघडलं असेल तर बघण्याने सुधारणार नाही. वर जा आणि तुमच्याकडच्या सगळ्या गोधड्या आण."

"गोधड्या?"

"आण म्हटलं ना!"

मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, मी बिल्डिंगमधून नऊ गोधड्या आणि दोन रजया गोळा केल्या. लोक दारात येऊन बघत होते. एक जण म्हणाला, "काय वहिनी, पेटीला हुडहुडी भरली काय?" काकांनी पेटीला चारी बाजूंनी गोधड्या गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या आणि वर स्वतः मांडी घालून बसले. म्हणाले, "गोधडीला काय माहीत तू माणूस की बर्फ? आतलं आत ठेवते, बाहेरचं बाहेर. बस."

सकाळी आठपासून ते बसलेले. बारा वाजता आमचे हे खाली गेले, "काका, एकदाच, फट करून." काकांनी त्यांना हाकललं. दोन वाजता मी गेले, रडवेली होऊन. मलाही हाकललं. तीन वाजता खुद्द सासूबाई खाली उतरल्या. "भावजी, वायच उघडून बघूया. खराब झालां असात तर मी आत्ता कांदेपोहे तरी लावतंय." काका म्हणाले, "वहिनी, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत बर्फाने जितका माल खराब केला नाही तितका बघणाऱ्यांनी केलाय." सासूबाई गेल्या नाहीत. तिथेच पायरीवर बसल्या, गजरे ओवत. मला कळत होतं त्या पहारा कोणावर देतायत ते. पॅटिसवर नाही, माझ्यावर.

काकूंनी काकांना जेवायचं ताट पेटीवरच दिलं. दही-भात. जेवून झाल्यावरही ते उतरले नाहीत.

पावणेपाच वाजता म्हणाले, "कढया चढवा." गॅस होता, ते नशीब. काकूंच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या, दोन कढया. एकीवर मी, एकीवर काकू. काकांनी स्वेटर चढवला, माकडटोपी घातली, मोजा घातला. सुतळी सोडली. झाकण उघडलं, आत हात गेला आणि पहिलं पॅटिस बाहेर आलं. काकांनी ते खिडकीच्या कठड्यावर आपटलं. टक्. दगड!

"आत कोणी आहे का?" त्यांनी विचारलं आणि झाकण लावलं. मी म्हटलं, "आहे, काका, माझी नोकरी आहे!" सगळे हसले. सासूबाई सोडून.

मग सुरू झालं. पाच इथे, पाच तिथे. काका मध्ये उभे, एक कान माझ्या कढईला, एक काकूंच्या. "भांडतंय... थांब... बडबडतंय... हां, कुजबुज. काढ." चाळण्या भरत गेल्या. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून प्रत्येक घाणा नजरेने मोजत होत्या. नव्वद झाले. शंभर झाले. एकही फुटलं नाही. मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली, आणि तिथेच घात झाला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "आले! पाहुणे आले!" नणंद जिन्यातून ओरडली. काकू आपली शेगडी बंद करून भरलेली चाळणी वर न्यायला गेल्या, सासूबाई पदर सावरत मागे वळल्या. माझी घाई झाली. काय बुद्धी झाली देव जाणे, मी पाच टाकले आणि हाताला लागलेलं सहावंही टाकलं. पुसलंसुद्धा नाही.

आवाज मी आधी ऐकला. बडबड एकदम दबली, गळा दाबल्यासारखी. मग फट्. एक पॅटिस मधोमध उकललं आणि मटार बाहेर.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. दारात सासूबाईंची पाठ, आणि ती पाठ परत वळायला लागली होती.

त्यांनी माझ्या हातातला झारा घेतला, ते फुटकं पॅटिस तेलातून उचललं, मटारसकट, उकळत्या तेलासकट, आणि तोंडात घातलं. सबंध. ज्या माणसाने आठ वर्षांत भजं चाखलं नव्हतं, जो मला ओरडायचा की काढल्यावर पाच मिनिटं बोट लावायचं नाही, त्याने. त्यांचे डोळे पांढरे झाले. डोळ्यांतून पाणी आलं. पण तोंड मिटलेलं.

"काय झालां?" सासूबाईंनी विचारलं.

काकांनी मान हलवली. काही नाही. हाताने खूण केली, उरलेले पाच तळ. मी तळले.

साखरपुडा झकास झाला. मुलाचे वडील पॅटिस तोडून कानाशी नेत म्हणाले, "काय कुरकुरीत हो! आणि मटार? या दिवसात?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेन केलांन." मी पाणी द्यायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते, तेव्हा कान भरून ऐकलं. काकांना सगळ्यांनी बोलावून पुढे बसवलं, पण ते कोणाशी चकार शब्द बोलले नाहीत. व्याह्यांनी ह्यांना हळूच विचारलं, "घरमालक मुके आहेत का हो?" मी हातपंख्याने वारा घालायच्या बहाण्याने तोंड वळवलं. बरं झालं, दिवेलागण झाली तरी वीज अजून आली नव्हती, माझं तोंड कोणाला नीट दिसलं नाही.

मी त्यांचे आभारसुद्धा मानू शकले नाही. मानायला गेले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बोलता येत नव्हतं म्हणून, का गुपित म्हणून, ते मला आजवर कळलं नाही.

सोमवारी सकाळी मी अजूनही धाकधुकीतच होते. सासूबाई एकदाही "जा" म्हणाल्या नव्हत्या. मी साडी नेसले, वेणी घातली, चप्पल पायात सरकवली आणि दाराशी उभी राहिले. त्या स्वयंपाकघरातून आल्या. एका हातात माझा डबा. दुसऱ्या हातात झाकलेला वाडगा.

"ह्यां जाताना खाली काकांका दी," त्या म्हणाल्या. "मऊ भात आणि थंड ताक. कालपासून काय गिळूक गावला नसात त्यांका. तोंड भाजलाहा मरे त्यांचां."

वाडगा मी दोन्ही हातांनी घेतला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्या पदराची पिन नीट करत होत्या, जणू दुसरं काही बोलणं झालंच नाही.

"उभी कित्याक? जा," त्या म्हणाल्या. "कामाक उशीर होतलो."